१३० मिमीची घडीची दुर्बीण: १४ महिने, ९३ नोंदी

आकाश बघून झालं की मी वहीत नोंद करते. तारीख, वेळ, हवा कशी होती, कुठलं आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावलं, काय दिसलं आणि काय शोधूनही सापडलं नाही. आधीच्या २०० मिमी आरशाच्या डॉबसोनियनच्या (फिरत्या पाटीच्या साध्या बैठकीवरच्या दुर्बिणीच्या) शेवटच्या वर्षात या वहीत ११ नोंदी आहेत. १३० मिमीची ही लहान दुर्बीण आल्यापासून १४ महिन्यांत ९३ झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त अर्ध्या तासाच्या आतल्या आहेत: झोपण्याआधी चंद्र बघितला, ढगांच्या फटीतून गुरू बघितला, अशा. मोठी दुर्बीण अर्ध्या तासासाठी कधीच बाहेर निघाली नसती. तिची नळी सव्वा मीटर लांब, खालचा खोका वेगळा, दोन्ही मिळून २५ किलोच्या घरात, आणि गच्चीपर्यंत दोन जिने. त्यात माझा उजवा खांदा धरला. एका संध्याकाळी आभाळ भरून आलेलं बघून मला हायसं वाटलं आणि त्याच रात्री मी ती दुर्बीण देऊन टाकायचं ठरवलं. तारे बघणाऱ्या माणसाला ढग आल्यावर बरं वाटावं, हे मला सहन झालं नाही.

आता या दुर्बिणीबद्दल. हीच रचना थोड्याफार फरकाने वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, म्हणून मी कंपनीचं नाव न घेता रचनेबद्दलच लिहिते. मुख्य आरसा १३० मिमी व्यासाचा, नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश एकत्र येतो तिथपर्यंतचं अंतर) ६५० मिमी, म्हणजे व्यासाच्या पाच पट, त्यालाच एफ ५ म्हणतात. पूर्ण नळी नाहीच. खालच्या अर्ध्या नळीत मुख्य आरसा आहे. वरच्या रुंद कड्यात प्रकाश बाजूला वळवणारा दुय्यम आरसा, आयपीस बसवून चित्र स्पष्ट करायचा फोकसर आणि दुर्बीण रोखायला मदत करणारा लाल ठिपक्याचा फाइंडर आहेत, आणि ते कडं दोन दांड्यांवर वर-खाली सरकतं. खाली ढकललं की सगळी नळी दीड फुटाच्या आत बसते. एका बाजूचा हात आणि खाली फिरती पाटी, अशी बैठक आहे. सगळं मिळून साडेसहा किलोच्या आसपास. डाव्या हाताने उचलते, उजव्या हाताने दार उघडते, आणि दोन मिनिटांत आयपीसला डोळा लागलेला असतो.

परावर्ती, म्हणजे आरशाची दुर्बीण मुळात लहानच जन्मली. न्यूटनने १६६८ मध्ये केलेली पहिली दुर्बीण जेमतेम वीतभर लांब होती आणि तिचा आरसा मिश्रधातूचा होता. फिरत्या पाटीची ही साधी बैठक लोकप्रिय केली ती जॉन डॉबसन यांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण ठेवून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून शनी दाखवत. प्लायवूड आणि टेफ्लॉनचे तुकडे, एवढ्यावर त्यांनी काम भागवलं. माझ्या बैठकीतही टेफ्लॉनचे तसेच तुकडे आहेत, आणि बोटाच्या हलक्या धक्क्याने दुर्बीण न अडखळता सरकते ती त्यांच्यामुळेच.

निवडताना मी चार प्रकार बाजूला ठेवले. त्यातल्या एकाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण नवे लोक हमखास त्यात फसतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं: व्यास १२७ मिमी, नाभीय अंतर १००० मिमी. चित्रात मात्र नळी जेमतेम अर्धा मीटर दिसते. साध्या न्यूटनच्या रचनेत नळीची लांबी नाभीय अंतराच्या जवळपास असते. मग १००० मिमी अर्ध्या मीटरच्या नळीत कसं मावलं? आत फोकसरच्या बुडाशी एक जोडभिंग बसवलेलं असतं, ते नाभीय अंतर वाढवतं. मुख्य आरसा अन्वस्ताकार (पॅराबोलिक, सगळा प्रकाश एका बिंदूवर आणणारा) न घासता गोलीय, म्हणजे चेंडूच्या तुकड्यासारखाच ठेवलेला असतो आणि त्याची चूक त्या भिंगाने सुधारायची, अशी कल्पना. उत्तम घडवलं तर ही रचना चालते, पण स्वस्तात केलेल्या बहुतेक दुर्बिणींत चंद्राची कड मऊ दिसते आणि गुरूचे पट्टे धुरकट. शिवाय ते भिंग मध्ये असल्यामुळे आरसे जुळवायला गेलं की नेहमीचे उपाय चालत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. नळीची लांबी नाभीय अंतराशी जुळते का? आणि आरसा अन्वस्ताकार आहे का? एफ ८ ला १०० मिमीच्या आसपासचा गोलीय आरसा खपून जातो, पण एफ ५ ला गोलीय आरसा असेल तर मोठं वर्धन विसरा.

दुसरा प्रकार म्हणजे हाच १३० मिमीचा आरसा, पण इक्वेटोरियल माउंटवर. तिपाई, प्रतिभार, ध्रुवाकडे अक्ष लावणं, आणि दुर्बीण फिरवली की आयपीस कधी वर तर कधी पोटाखाली. वजन दुप्पट होतं आणि दोन मिनिटांचं काम वीस मिनिटांचं होतं. माझा निर्णय लगेच झाला. तिसरी ११४ मिमी, एफ ४ ची अखंड नळी. वजनात फारसा फरक नाही, मात्र १३० मिमीचा आरसा तिच्यापेक्षा ३० टक्के जास्त प्रकाश गोळा करतो आणि एफ ४ ला आरसे जुळवण्यातली चूक लगेच दिसते.

चौथी १५० मिमीची, याच घडीच्या रचनेतली. खरा पेच इथेच होता. एफ ५ च, वजन किलोभर जास्त, प्रकाश ३३ टक्के जास्त. माझा खांदा चांगला असता तर मी तीच घेतली असती, आणि ज्यांना ते वजन एका हाताने जिन्यावरून नेता येतं त्यांना मी तीच घ्यायला सांगते. मी दोन्ही उचलून बघितल्या, नुसत्या जमिनीवरून नाही, पाच पायऱ्या चढून. मला १३० जमली. घेण्याआधी तुम्हीही पायऱ्या चढून बघा, कागदावरचे किलो जिन्यावर वेगळे लागतात.

सोबत २५ मिमी आणि १० मिमीची दोन आयपीस येतात. २५ ने २६ पट वर्धन मिळतं आणि एका नजरेत साधारण १.९ अंश आकाश मावतं, म्हणजे पौर्णिमेचे जवळपास चार चंद्र शेजारी शेजारी. ते बरं आहे. १० मिमीचं मात्र यथातथा, ६५ पटीला कडेचं चित्र पसरतं. पहिल्या महिन्यातच मी ६ मिमीचं रुंद दृश्यक्षेत्राचं आयपीस घेतलं, ते १०८ पट देतं. पुढे ३२ मिमीचं प्लॉसल प्रकारचं आयपीस घेतलं, २० पट आणि अडीच अंश. आता २५ आणि १० डबीतच असतात. व्यासाच्या हिशेबाने २६० पटींपर्यंत जाता येतं, पण तेवढी शांत हवा क्वचितच मिळते. बार्लो (वर्धन वाढवणारं जोडभिंग) उसनं आणून मी २१६ पटीला गेले, तेव्हा शनी पाण्याखालून बघावा तसा हलत होता. १५० पटींच्या वर मी फक्त चंद्र आणि जोडतारे बघते.

दिसतं काय? चंद्रावर टायको, कोपर्निकस ही विवरं तर कुठल्याही दुर्बिणीत दिसतात, पण इथे कोपर्निकसच्या आतल्या पायऱ्या आणि मधली शिखरं वेगवेगळी दिसतात. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर डोळा लावून बसलं की एखाद्या शिखराचं टोक उजळताना बघायला मिळतं. गुरूचे दोन मुख्य पट्टे कायम, हवा शांत असेल तर तिसरा आणि चौथाही. शनीबद्दल एक खुलासा. त्याच्या कड्यांचा कल सतत बदलतो. २०२५ च्या मार्चमध्ये ती पृथ्वीवरून बरोबर काठावरून दिसण्याच्या स्थितीत आली होती, त्यानंतर हळूहळू उघडताहेत. पुस्तकातल्या चित्रासारखी रुंद कडी सध्या दिसली नाहीत तर दोष दुर्बिणीचा नाही. काही वर्षांनी याच आरशातून कॅसिनीची फट, म्हणजे कड्यांमधली काळी रेघ दिसेल.

भाचा दहा वर्षांचा आहे. सुट्टीत आला होता तेव्हा मी त्याला गुरू लावून दिला आणि वहीत चार उपग्रह काढायला सांगितले. मधे एक मोठा गोल, एका बाजूला तीन ठिपके, दुसऱ्या बाजूला एक, गोलाला अगदी खेटून. तासाभराने मी परत बोलावलं.

“आत्या, तीनच आहेत.”

“नीट मोज. घाई करू नकोस.”

“मोजले. तो जवळचा होता ना, तो नाहीये. मी मघाशी चुकीचा काढला का?”

“नाही रे, चित्र बरोबर आहे तुझं. खाली वेळ लिही आणि दुसरं चित्र काढ.”

तो आयओ होता, गुरूच्या मागे गेलेला. आयओ पावणेदोन दिवसांत गुरूभोवती एक फेरी मारतो, त्यामुळे त्याचं सरकणं तासाभरात कळतं. भाच्याने झोपायच्या आधी तिसरं चित्र काढलं, त्यातही तीनच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या त्याने विचारलं, “आला का परत?” माझ्या वहीतली ती तीन चित्रांची पानं मला इतर सगळ्या नोंदींहून प्यारी आहेत.

जोडताऱ्यांत या आरशाचा कस लागतो. वसिष्ठ-अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि दुर्बिणीत खुद्द वसिष्ठाचे दोन तारे होतात. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ २६ पटीलाही सुरेख, एक सोनेरी आणि एक निळसर. अभिजितशेजारचा एप्सिलॉन लायरी हा दुहेरी जोडतारा खरी परीक्षा घेतो. त्याच्या दोन्ही जोड्यांतले तारे एकमेकांपासून जेमतेम सव्वादोन विकलांवर आहेत, आणि विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. १०८ पटीला, शांत हवेत, दोन्ही जोड्यांत मधे काळी केसभर रेघ दिसते. माझ्या वहीत ‘फुटला’ असं ७ वेळा लिहिलेलं आहे आणि ‘नुसता लांबट’ असं १२ वेळा. त्या १२ मधल्या निदान पाच वेळा दोष हवेचा नव्हता, आरशांचा होता. त्याबद्दल पुढे लिहिते.

अंधाऱ्या जागी मृगातला तेजोमेघ पंख पसरल्यासारखा दिसतो, आणि त्याच्या पोटातले चार तारे ६५ पटीला सुटे होतात. कृत्तिका ३२ मिमीच्या आयपीसमध्ये पूर्ण मावतात, भोवती काळं आकाशही उरतं. मोठ्या दुर्बिणीत मला त्या कधीच पूर्ण दिसल्या नव्हत्या. ययातीतला जुळा तारकागुच्छ आणि वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक) यांच्यासाठी तर ही दुर्बीण जणू घडवलेली आहे. देवयानीतली दीर्घिका (गॅलेक्सी) आणि तिचे दोन छोटे सोबती एकत्र येतात. सप्तर्षींतल्या एम ८१ आणि एम ८२ एकाच वेळी दिसतात, एक गोलसर आणि एक सुरीसारखी. रंग मात्र कुठेच नाही, सगळं करडं. एम ५१ या दीर्घिकेचे सर्पिल बाहू मला इथे दिसले नाहीत, दोन धुरकट ठिपकेच दिसले. शौरीतला एम १३ हा तारकागुच्छ कडेला दाणेदार होतो, गाभा दुधाळ राहतो.

आता तक्रारी. पहिली तक्रार फोकसरची. तो रॅक-पिनियनचा (दातेरी पट्टीवर चाकाने सरकणारा) नाही, बरणीच्या झाकणासारखा आट्यांवर फिरवायचा आहे. नवा होता तेव्हा आट्या ढिल्या होत्या. फिरवताना चित्र एका बाजूला सरकायचं आणि दिशा बदलली की परत उडी मारायचं. उपाय नळजोडणीच्या सामानात मिळाला: नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. फोकसर पूर्ण उघडून, आट्यांच्या दिशेनेच अडीच वेढे दिले. चार वेढ्यांनी तो जाम झाला होता, दोनाने ढिलाच राहिला. वर्षातून एकदा टेप बदलावी लागते. पण मोठं, जड आयपीस या फोकसरला पेलत नाही, आणि कॅमेरा तर अजिबातच नाही. मोबाइलने चंद्राचे फोटो छान येतात. दीर्घिकांचे फोटो काढायचे असतील तर ही दुर्बीण घेऊ नका.

दुसरी तक्रार उघड्या नळीची. दोन दांड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून शेजारचा दिवा सरळ आत येतो आणि आकाश काळं न दिसता राखाडी दिसतं. मला शिवणकाम येतं, म्हणून आवरण घरीच शिवायचं ठरवलं. पहिलं केलं ते काळ्या अस्तराच्या कापडाचं. टॉर्चच्या उजेडात बघितलं तर ते आतून चमकत होतं. दुसरं जाड काळ्या सुती कापडाचं. ते चमकलं नाही, पण आठवड्याभरात आरशावर बारीक तंतू दिसायला लागले. तिसरं दाट विणीच्या, निस्तेज काळ्या नायलॉनचं. नळीचा घेर ५२ सेंमी भरला, शिवणीसाठी ३ सेंमी जास्त धरलं. कडेला टीप न मारता वेल्क्रो लावलं, म्हणजे दुर्बीण न हलवता गुंडाळता येतं. तरी मधल्या भागात ते आत झोळ धरायचं आणि प्रकाशाच्या वाटेत यायचं. मग आतल्या बाजूने दोन नेफे शिवले आणि त्यांत प्लॅस्टिकच्या लवचीक पट्ट्या ओवून गोल केल्या. ज्या रात्री ते पहिल्यांदा चढवलं, त्या रात्री स्वरमंडलातला एम ५७ हा तेजोमेघ आधी बिनआवरणाचा बघितला, मग आवरण घालून. आधी ‘आहे’ एवढंच कळत होतं. नंतर मधलं भोक दिसलं, धुराचं छोटं कडं. ज्यांना शिवता येत नाही त्यांनी पातळ काळी फोमची शीट गुंडाळली तरी काम होतं, आणि तेवढ्याने निदान अर्धा फरक पडतो.

आवरणाने दुय्यम आरशावर दव धरायलाही वेळ लागतो. धरलंच तर पुसू नका. घरात आणून झाकण न लावता उघडी ठेवा, आपोआप वाळतं.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी अशी नाही, पण आधी कळायला हवी. ही टेबलावर ठेवायची दुर्बीण आहे, आणि कुठलंही टेबल चालत नाही. घडीच्या टेबलावर ६५ पटीला हात लावला की चित्र पाच सेकंद थरथरायचं. आता मी तीन पायांचं जड लाकडी स्टूल वापरते. तीन पाय कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाहीत, आणि थरथर सेकंदभरात थांबते. मी शेजारी खुर्चीवर बसते. बसून बघितलं की जास्त दिसतं, हा माझा वहीतल्या नोंदींवरून झालेला पक्का समज आहे.

आरसे जुळवणं, म्हणजे कोलिमेशन. नवे लोक याला घाबरतात आणि सहा-सहा महिने हात लावत नाहीत. मीही आधीच्या दुर्बिणीला क्वचितच लावायचे. इथे दर वेळी वरचं कडं सरकतं, त्यामुळे जुळणी थोडी हलतेच. मधोमध बारीक भोक पाडलेली टोपी फोकसरवर लावायची, आतून बघायचं आणि मुख्य आरशाच्या मधली खूण भोकाच्या प्रतिबिंबाखाली येईपर्यंत खालचे स्क्रू फिरवायचे. मग ध्रुवतारा लावायचा. तो जागचा जवळपास हलत नाही, म्हणून हाताने फिरवायच्या दुर्बिणीला तोच सोयीचा. १०८ पटीला किंचित फोकसबाहेर नेला की ताऱ्याभोवती वर्तुळं दिसतात. सगळी एककेंद्री असतील तर ठीक, एका बाजूला गर्दी करत असतील तर स्क्रू पाव फेरा. सुरुवातीला मला यात पंधरा मिनिटं लागायची, आता दोन. एप्सिलॉन लायरीच्या ‘नुसता लांबट’ नोंदी जवळपास सगळ्या पहिल्या तीन महिन्यांतल्या आहेत. दुर्बीण बाहेर काढल्यावर आरसा थंड व्हायला वीस-पंचवीस मिनिटं द्या आणि तेवढ्यात हे उरकून टाका.

घरात मुलं असतील तर सूर्याबद्दल सांगायलाच हवं. नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारा सौर फिल्टर असल्याशिवाय ही दुर्बीण सूर्याच्या दिशेला वळवायची नाही, क्षणभरही नाही. आयपीसमध्ये स्क्रूने बसवायचे छोटे सौर फिल्टर उष्णतेने तडकतात. मिळाले असतील तर फेकून द्या. दिवसा दुर्बीण झाकण लावून, खिडकीपासून लांब ठेवा. उघडा आरसा ऊन एका बिंदूवर आणतो, आणि त्या बिंदूशी काय असेल हे आपल्या हातात नसतं.

जुनी २०० मिमीची मी आकाशनिरीक्षकांच्या एका गटाला दिली. शौरीतला एम १३ मात्र तिच्यातच बघावा, गाभ्यापर्यंत सुटे सुटे तारे. वर्षातून दोनदा त्यासाठी त्यांच्याकडे जाते, तेव्हा ही १३० मिमीची पाठीवरच्या पिशवीत असते. गेल्या खेपेला मोठीसमोर रांग होती, म्हणून माझी बाजूच्या स्टुलावर लावली आणि कृत्तिकांवर रोखली. थोड्या वेळाने तिच्यासमोरही रांग लागली.